इतर विषय नसल्यामुळे सभा संपली

मी, पद्मजा जगन्नाथ तळपदे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त लीगल सेक्रेटरी, राहणार जर्सी सिटी, न्यू जर्सी, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याशी रमीचा एक डाव खेळून खात्री करून घ्यावी. हे मी स्वतःच्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर अनेकांच्या नको म्हणण्यावरून लिहीत आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती तीन आहेत. तिसरे मी काल फाडले, कारण ते फार सभ्य झाले होते.

चोवीस वर्षे मी एका वकिलाच्या कचेरीत इतरांची मृत्युपत्रे टाइप केली. मेलेली माणसे चांदीच्या चमच्यांवरून किती पाने भरतात ते मला माहीत आहे. कोर्टासाठी माझी इंग्रजी प्रत वकिलाकडे आहे. दीड पानाची, घर आणि बँक एवढीच. ही मराठी प्रत माणसांसाठी आहे. दोन्हींत तफावत आढळल्यास मिळकतीपुरती इंग्रजी खरी धरावी आणि बाकी सगळ्यापुरती ही.

घाईचे कारण डोळे. डॉक्टरांनी सांगितले आहे की येत्या उन्हाळ्यापर्यंत मला ओळीचा मधला भाग दिसेनासा होईल, कडा तेवढ्या राहतील. माझ्याकडे एकतीस वह्या आहेत आणि त्या वाचणारी जगात मी एकटी आहे. शिवाय माझ्या हातून लिहिली गेलेली एक खोटी ओळ आहे. ती दिसते आहे तोवर दुरुस्त करायची आहे. खरे तर सगळे मृत्युपत्र त्या एका ओळीसाठी आहे. घर वगैरे वाटेत लागते म्हणून.

कलम १. घर. वरचा मजला, तळमजला, तळघर आणि मागच्या अंगणातले न फळणारे अंजिराचे झाड माझी मुलगी आश्लेषा हिला. ती मिनेसोटात ईडन प्रेरीला राहते आणि दर रविवारी फोनवर मला तिकडे बोलावते. "आई, इथे सगळं वन लेव्हल आहे. जिने नाहीत." जिने नाहीत म्हणूनच मी येत नाही. खालून वर येणारा माणूस मला पायरीवरून ओळखू येतो. सपाट घरात कोण आले ते दार उघडेपर्यंत कळत नाही.

अट एकच. तळमजल्यावर अठरा वर्षे भाड्याने राहणारे श्री. एल्डन गिटेन्स तहहयात तिथेच राहतील. तो करार मी गेल्या महिन्यात वेगळा करून सहीनिशी त्यांच्या हाती दिला आहे. या मृत्युपत्रात मात्र त्यांना मी सुईसुद्धा देत नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला लाभ मिळाला की वकिलांना चरायला कुरण मिळते. हे त्यांना सांगितले तेव्हा म्हणाले, "मिस टी, मी आयुष्यभर साक्षच देत आलो. लाभ अजून बघायचाय."

कलम २. किरकोळ. बर्फ उपसायचे फावडे जावई संग्राम यांना, कारण २००३ च्या हिवाळ्यात आठ दिवस इथे असताना त्यांनी ते फक्त खिडकीतून पाहिले. माझ्या साहेबांनी निवृत्तीच्या दिवशी "माझा उजवा हात" असे भाषण करून दिलेले घड्याळ त्यांचे त्यांना परत. ते रोज सात मिनिटे मागे पडते आणि उजव्या हाताची किंमत त्यावरून कळते. पाटल्या आश्लेषाला. प्रेशर कुकर कोणालाही देऊ नये, त्याची शिटी धोक्याची आहे.

तळघरात उजव्या भिंतीशी एक पत्र्याची पेटी आहे. वर पांढऱ्या रंगात हु. प. अशी अक्षरे. आत वायरी, सोल्डरिंगचे यंत्र, काळ्या चिकटपट्टीची चार वेटोळी. ही पेटी माझी मिळकत नाही. ती हुसेन परकार यांची. हुसेन म्हणजे आमच्या हडसनकाठ मराठी मंडळाचा माइकवाला. दापोलीकडचा. दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला फुकट माइक लावायचा. त्याच्याबद्दल पुढे यायचेच आहे. मध्येच उठून चहा केला. आता बसते.

कलम ३. वह्या. शॉर्टहँडच्या एकतीस वह्या, पलंगाखाली, दोन सुटकेसांत. त्या अबोली हिला द्याव्यात. अबोली पुण्याची, नदीकाठच्या त्या नव्या उंच इमारतीत भाड्याने राहते, रोज पाथ ट्रेनने मॅनहॅटनला जाऊन एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळते आणि गेल्या जानेवारीपासून दर रविवारी माझ्याकडे शॉर्टहँड शिकते. पहिल्या दिवशी म्हणाली, "मावशी, हे तर एन्क्रिप्शन आहे!" मुलगी हुशार आहे. रेघ जाड काढायची तिथे बारीक काढते, तेवढे सुधारेल.

वह्यांत काय आहे ते सांगते, नाहीतर माझ्या माघारी लोकांना वाटेल की किराण्याच्या याद्या आहेत.

श्री. गिटेन्स त्रिनिदादचे. बावीस वर्षे जर्नल स्क्वेअरची बस चालवली. बस चालवता चालवता गायचे, आणि प्रवाशांना बस बदलायची, ट्रान्सफरची तिकिटे द्यायचे म्हणून गाण्यातले त्यांचे नाव लॉर्ड ट्रान्सफर. त्यांच्याकडे कॅलिप्सो गाणारा प्रत्येक जण असा स्वतःला लॉर्ड नाहीतर माइटी म्हणवून घेतो. खरे लॉर्ड त्यांच्या देशातून गेले, किताब यांनी ठेवून घेतले. १९८८ साली ते भाड्याने आले आणि तिसऱ्या दिवशी मी जमिनीवर झाडूच्या दांड्याने ठोकले. चौथ्या दिवशी सकाळी जिन्याखालून, मोठ्याने, मला उद्देशून गाणे आले. मराठीत ते साधारण असे:

वरती राहते बाई एक, झाडू तिचा फार तिखट,
माझ्या छतावरती रोज ठोके देते तीन फुकट.
बाई, तुझे आभार मानतो, ढोलकीवाला नव्हता मला,
उद्यापासून याच वेळी ठोकत जा गं, ताल जमला!

मी चिडले. भाडेकरूला काढायचे तर पुरावा हवा, म्हणून वही-पेन्सिल घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि शब्दन् शब्द उतरवला. दुसऱ्या दिवशीही. आठवडा झाला तरी पुरावा पुरेसा वाटेना. माझे यजमान कै. जगन्नाथराव म्हणाले, "पुरावा संपला असेल तर जेवायला वाढ." पुरावा संपला नाही. एकतीस वह्या झाल्या.

लोकांना वाटते कॅलिप्सो म्हणजे फुलाफुलांचा शर्ट, नारळाचे झाड आणि रमचा पेला. मलाही तसेच वाटायचे. हे गाणे म्हणजे पाय फुटलेले वर्तमानपत्र आहे. ऊसमळ्यावर राबणाऱ्यांच्या नातवंडांनी ढोलांवर बंदी आली तेव्हा बांबू आपटून ताल धरला आणि गव्हर्नरापासून वाण्यापर्यंत सगळ्यांची फजिती त्यांच्या तोंडावर गाऊन दाखवली. चाल इतकी गोड की ज्याची फजिती तोच आधी मान डोलवायचा. श्री. गिटेन्स यांनी या गावावर गायले. नदीकाठी काचेचे मनोरे उठले आणि मागच्या गल्लीतल्यांची नदी गेली, त्यावर नववी वही आहे. २००३ च्या युद्धाआधी सगळे सरकार जी शस्त्रे शोधत होते ती त्यांनी माझ्या कुकरात शोधून काढली, ती बावीसवी. गेल्या वर्षीच्या वादळात छपरावर चढून हात हलवणाऱ्या माणसांवर आणि वरून नुसते फोटो काढून जाणाऱ्या विमानावर जे गायले ते लिहिताना माझी पेन्सिल मोडली.

गाण्याचे कागद ते ठेवत नाहीत. श्रोत्यांनी विषय चिठ्ठीवर लिहून वाडग्यात टाकायचा, यांनी उचलायचा आणि तिथल्या तिथे गायचे. गायले की संपले. म्हणून या वह्या.

त्यांचा एक नियम मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. ज्याच्यावर गायचे त्याच्या तोंडावर गायचे. आणि ज्याच्यावर गायले त्याने एकतर बसून हसायचे नाहीतर उत्तर द्यायचे. उठून जाणारा हरला.

कलम ४. मंडळ. वीस वर्षे मी मंडळाची चिटणीस होते. सभेची सगळी टिपणे माझ्या हातची. मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इमेल्डांनी आम्हाला शॉर्टहँड शिकवले. त्या पट्टी हातात घेऊन म्हणत, "जे ऐकले ते गाळायचे नाही, जे ऐकले नाही ते घालायचे नाही. बाकी पापे फादर बघून घेतील." त्या जोरावर मी मंडळात सगळ्यांना दमात घेतले. कोणी काय म्हणाले यावरून वाद झाला की लोक म्हणायचे, "तळपदेबाईंची वही काढा." आणि वहीत असे ते खरे.

१७ नोव्हेंबर २००१ च्या दिवाळी कार्यक्रमाला श्री. गिटेन्स यांना बोलवा असे मीच सुचवले. कार्यकारिणी खूश झाली. दोन महिन्यांपूर्वी नदीपलीकडचे दोन मनोरे आमच्या खिडक्यांतून पडताना दिसले होते, सगळे धास्तावलेले होते, आणि "काहीतरी हलकंफुलकं, आयलंड म्युझिक" कोणाला नको असते? त्यांना कॅलिप्सो म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, आणि मी सांगितले नाही. ही लबाडी माझी.

स्टेनलेसचे पातेले फिरले, चिठ्ठ्या पडल्या. पहिली निघाली तूरडाळीच्या भावाची. हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. दुसरी, "पुरुषोत्तमकाकांची गाडी." पुरुषोत्तम म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, पुरुषोत्तम धुरंधर, पहिल्या रांगेत, कोसा सिल्कच्या कुर्त्यात.

पुरुषोत्तमच्या गाडीवरती झेंडे लावले सात,
समोरचा रस्ता दिसत नाही, तरी हसतो आत.
लोक म्हणती, "पुरुषोत्तमा, देशावर किती माया!"
तो म्हणे, "माया कसली, दादा? झेंडा म्हणजे छाया,
दगड कोणी मारलाच तर वाचेल माझी काया!"

झेंडे अमेरिकेचे; त्या दिवसांत भीतीने आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते लावले होते, म्हणून सगळ्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिले. मग पुरुषोत्तम स्वतः हसले, मोठ्याने, आणि सगळे सुटले. तेव्हा मला वाटले, या माणसाला नियम न सांगता कळला.

तिसरी चिठ्ठी कोरी होती. श्री. गिटेन्स यांनी उलटून पाहिली, पुन्हा उलटली, आणि सूर लावला. अर्ध्याच मिनिटात माइक बंद पडला. लोकांना वाटले कार्यक्रम संपला, खुर्च्या सरकल्या, पोरे बटाटेवड्यांकडे धावली. नंतर गावभर झाले की झेंड्याचे गाणे झोंबले म्हणून पुरुषोत्तमांनी माइक बंद करवला. त्यांनी कधी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. पुढच्याच महिन्यात मी चिटणीसपद सोडले आणि पाच वर्षे त्यांना नमस्कार केला नाही.

माइक मी बंद केला. चिटणीसाचे टेबल स्टेजच्या कडेला होते आणि माइकचा प्लग माझ्या पायाशी. हुसेन असताना तो प्लगवर काळी चिकटपट्टी गुंडाळायचा, कोणाचा पाय लागून निघू नये म्हणून. त्या वर्षी चिकटपट्टी लावायला हुसेन नव्हता. मी वाकले आणि प्लग ओढला.

हे लिहून मी उठले, दोन खोल्यांतून चारदा फिरून आले. शेगडी बंद आहे ना ते पाहिले. होती.

श्री. गिटेन्स यांनी माझ्याकडे पाहिले आणि माइकशिवाय गातच राहिले. त्या गलक्यात इतरांना काही ऐकू गेले नाही. मी तीन हातांवर होते. आणि माझा हात, चाळीस वर्षांची सवय, आपोआप लिहीत होता. एकोणिसावी वही, शेवटून चौथे पान:

कोरी चिठ्ठी हाती आली, नाव नाही, गाव नाही,
काल होता माइकपाशी, आज त्याचा ठाव नाही.
वहीवाली बाई बसली, शब्द कधी सांडत नाही,
सगळ्यांचे ती लिहून घेते, एकच माणूस मांडत नाही.
बाई, तुझ्या वहीमध्ये कोरी ओळ ही कोणाची?
ऐकून घे, मी विचारतो, आता पाळी उत्तराची.

"वहीवाली बाई" हे शब्द आले आणि मी प्लग ओढला.

कलम ५. दुरुस्ती. ऑक्टोबर २००१ च्या पहिल्या आठवड्यात हुसेनला दुकानातून उचलून नेले. कोणीतरी फोन केला होता की हा वायरी आणि घड्याळे जुळवत बसतो. तसले काही निघाले नाही. निघाले एवढेच की व्हिसाची मुदत टळली होती. त्याला काउंटीच्या तुरुंगात ठेवले. त्याची बायको रुकय्या माझ्याकडे जिना चढून आली. वकिलाने सांगितले होते की ओळखीच्या संस्थांकडून चांगल्या वर्तणुकीची पत्रे मिळाली तर आणावीत. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या वहीतलं सगळे खरं मानतात. तुम्ही लिहा." मी तिच्यासमोर टाइप केले. एक पान. फार चांगले पत्र होते. माझ्या हातून त्याहून चांगले झालेले नाही. "सभेत मांडते," मी म्हणाले. ती बरणीभर आंबोशी ठेवून गेली.

सभेचे अधिकृत टिपण मंडळाच्या कपाटात आहे. त्यात चार विषय आहेत आणि शेवटची ओळ माझ्या अक्षरात अशी: "इतर विषय नसल्यामुळे सभा संपली." ती ओळ खोटी आहे. ती काढून तिथे पुढील मजकूर घालावा.

हडसनकाठ मराठी मंडळ, कार्यकारिणी सभा, रविवार, २१ ऑक्टोबर २००१. आयत्या वेळचा विषय: हुसेन परकार यांच्यासाठी पत्र. चिटणीसांनी पत्र वाचले. खजिनदार देवदत्त म्हणाले, "मंडळाच्या लेटरहेडवर नको, यार. उद्या मेंबर लिस्ट मागतील. अर्धे लोक एच-वन व्हिसावर आहेत, कोणाकोणाला उत्तर देणार?" अध्यक्ष पुरुषोत्तम म्हणाले, "मी हुसेनला सोळा वर्षं ओळखतो. पण वेळ वाईट आहे. पर्सनली कोणाला लिहायचं असेल तर लिहा." कोणी हात वर केला नाही. चिटणीसांनी विचारले, "मग टिपणात काय लिहू?" अध्यक्ष म्हणाले, "ताई, लिहूच नका ना." सातजण हजर होते. चिटणीसांनी पेनाला टोपण घातले.

इथे टिपण संपते आणि माझी जबाबदारी सुरू होते. देवदत्त व्हिसावर होते, त्यांना भीती होती. मी १९८४ पासून या देशाची नागरिक. मला कोणी कुठे पाठवणार नव्हते. अध्यक्ष म्हणाले होते, पर्सनली लिहा. कागद तयार होता, पाकीट तयार होते, पोस्टाची पेटी कोपऱ्यावर. त्या पत्राने हुसेन सुटला असता असे मी म्हणत नाही. चोवीस वर्षे कचेरीत काढल्यावर तेवढे कळते. पण फाइलमध्ये एक कागद असता. माझ्या जिभेला सगळे मंडळ घाबरत होते, आणि जिथे एक तिकीट लावायचे होते तिथे ती जीभ कामी आली नाही. मला सभेवर ओरडायची सवय होती. सभेबाहेर एकटीने उभे राहायची नव्हती.

मार्चमध्ये हुसेनला परत पाठवले. मागोमाग रुकय्या गेली. जाताना पेटी माझ्याकडे ठेवली, कारण तिला अजूनही वाटत होते की मी पत्र पाठवले. हे मी तिला सांगितले नाही. २००४ च्या ईदला दापोलीहून कार्ड आले, हुसेन लग्नांना लाउडस्पीकर लावतो, तब्येत बरी आहे, मावशी कशा आहेत. कार्ड ड्रॉवरमध्ये आहे. उत्तर गेलेले नाही. पत्र टाइपरायटरच्या झाकणाखाली आहे, घडी न मोडलेले.

कलम ६. अंमल. वरचे पाचवे कलम मी गेल्या मंगळवारी लिहून पूर्ण केले आणि मला हलके वाटले. खाली जाऊन श्री. गिटेन्स यांना इंग्रजीतून वाचून दाखवले. त्या रात्रीबद्दल आम्ही पाच वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. मला वाटले, म्हणतील, शाब्बास. त्यांनी चष्मा पुसला.

"छान आहे, मिस टी. कधी गायचं?"

"मी गेल्यावर उघडतील."

"म्हणजे तू नसणार."

"मृत्युपत्र आहे, मिस्टर गिटेन्स. त्याची पद्धत अशी असते."

"मग हे म्हणजे गाणं म्हणून झाल्यावर पळून जाणं. दापोलीच्या माणसाने चिडून काही विचारलं तर कोणाला विचारायचं? या कागदाला? तू एकदा प्लग काढलास. आता कायमचा काढतेस."

मी दार आपटून वर आले. झाडूने ठोकले नाही, एवढेच. मग तीन दिवस हे कागद पुढे ओढत होते आणि मागे सारत होते. अबोली रविवारी धडा घ्यायची ती शुक्रवारीच आली, कारण मी फोनवर नीट बोलले नाही. वाचून म्हणाली, "मावशी, ही तुमची ड्राफ्ट कॉपी आहे. सेंड कधी करणार?" आश्लेषाला फोन केला. तिचे, "आई, लेट इट गो. फाइव्ह इयर्स झाली. आणि हे सगळं विलमध्ये कोण लिहितं?" मी म्हटले, "मी." मग ती म्हणाली, "हुसेनकाकांनी माझा वॉकमन दोनदा रिपेअर केला होता. मी चार तारखेला मंडळाच्या दिवाळीला येऊ का?"

म्हणून हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. ते आजपासून लागू आहे.

आज सकाळी मी कोपऱ्यावरच्या पोस्टात जाऊन चौथ्या आणि पाचव्या कलमाची नक्कल, ते जुने पत्र आणि ईदच्या कार्डाचे उत्तर रजिस्टरने दापोलीला पाठवले. पावती सोबत जोडली आहे. क्षमा मागितली आहे, पण एकाच वाक्यात. त्याहून जास्त मागितली की समोरच्याला आपले सांत्वन करावे लागते. पेटी सोमवारी कुरिअरने जाईल. हुसेन उत्तर देईल, शिव्या देईल किंवा काहीच देणार नाही. जे येईल ते मी बसून ऐकायचे आहे.

शनिवार, ४ नोव्हेंबर रोजी मंडळाचा दिवाळी कार्यक्रम आहे. त्यात मला दहा मिनिटे हवीत. मी खरे टिपण वाचणार. नंतर श्री. गिटेन्स एकोणिसाव्या वहीतले गाणे संपूर्ण गाणार. शब्द मी त्यांना परत दिले आहेत. मी पहिल्या रांगेत बसणार आणि उठणार नाही. पाच वर्षे यमक जुळवायचा प्रयत्न करून पाहिला. माझे उत्तर यमकात बसत नाही, टिपणातच बसते.

कार्यक्रमपत्रिकेत काय घ्यायचे ते अध्यक्ष ठरवतात. अध्यक्ष अजूनही पुरुषोत्तम धुरंधरच. म्हणून त्यांनाच दुसरे साक्षीदार व्हायला बोलावले. फोनवर म्हणाले, "तळपदेताई, पाच वर्षं तुम्ही मला नमस्कार करत नाही आणि आता सही मागता?"

"सहीला नमस्कार लागत नाही. दोन वाजता या."

"साक्षीदाराने विल वाचायचं नसतं म्हणतात. फक्त सही बघायची."

"कायद्याने वाचायचे नसते. माझ्याकडे वाचायचे असते."

ते आत्ता समोर बसून वाचत आहेत. गाडीवर आता एकही झेंडा नाही, खिडकीतून पाहिले. चिवडा आणला आहे, त्याला हात लावलेला नाही. चौथ्या कलमापाशी थांबले आहेत. मला त्यांच्या चेहऱ्याचा मधला भाग नीट दिसत नाही, त्यामुळे काही कळत नाही. ते कार्यक्रमाला नाही म्हणाले तर मी बाहेरच्या पार्किंगमध्ये वाचेन. पण मला आतच वाचायचे आहे, जिथे माइक होता तिथे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, पुन्हा वाचला, त्यात खाडाखोड नाही, आणि जे ऐकले ते गाळलेले नाही. खाली माझी सही.

पद्मजा जगन्नाथ तळपदे
जर्सी सिटी, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, दुपारी पावणेतीन

साक्षीदार पहिला: बाईंनी माझ्यादेखत सही केली. मला मराठी येत नाही, पण चाल ओळखीची आहे.
एल्डन गिटेन्स, ऊर्फ लॉर्ड ट्रान्सफर
(त्यांचे इंग्रजी मी मराठीत उतरवले. प. तळपदे)

साक्षीदार दुसरा: सही माझ्यादेखत झाली. सगळे वाचले. टिपणात माझे बोलणे बरोबर आहे. ताई, प्लग काढताना मी तुम्हाला पाहिले होते. बोललो नाही, कारण कोरी चिठ्ठी मी टाकली होती. हुसेनचे नाव लिहायला पेन उघडले आणि धीर झाला नाही. चार तारखेला प्लगवर चिकटपट्टी मी स्वतः लावीन. पेटीतले एक वेटोळे तेवढे काढून ठेवा.
पुरुषोत्तम धुरंधर